असईचा हत्ती आणि गोलकीपर

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एक गृहस्थ संध्याकाळी मैदानावर आले. अंगावर कारखान्याचा शर्ट, हातात जेवणाचा डबा. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात भट्टीवर कामाला आहेत, हे मला त्यांच्या मुलाकडून कळलं होतं. मुलगा नववीत. दोन वर्षांपासून माझ्याकडे गोलकीपिंग शिकतो. पुढच्या आठवड्यात विभागीय निवड चाचणी होती. त्यासाठी वडिलांना एक दिवस कामावर खाडा करावा लागणार होता, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणार होती.

ते थोडा वेळ कडेला उभे राहिले. मग म्हणाले, "सर, राग नका मानू, एक विचारतो. बाकीची पोरं पळतात, गोल मारतात. आमचं हे दोन खांबाच्या मधी उभं. गोल झाला की शिव्या यालाच. याचं पुढं काय होतं?"

मी म्हणालो, "होतं ना, खूप काही होतं." आणि गप्प बसलो. कारण काय होतं हे मला सांगता येईना. मी स्वतः बारा वर्षं गोलमध्ये उभा राहिलो आणि आता पोरांना शिकवतो. तरी या साध्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या रात्री घरी जाऊन मी ते शोधायला लागलो. जे सापडलं ते थेट आमच्याच जिल्ह्यातल्या एका गावापाशी येऊन पोचलं, आणि तेही अशा वाटेने की मी चक्रावलो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी 'मैदान' पाहिला असेल. २०२४ मध्ये आलेला, अजय देवगण असलेला. सय्यद अब्दुल रहीम या हैदराबादच्या प्रशिक्षकाची गोष्ट. १९५१ आणि १९६२ अशी दोन एशियाड सुवर्णपदकं भारताला मिळवून देणारा माणूस. सिनेमा पाहून माझी पोरं पी. के. बॅनर्जी आणि चुनी गोस्वामी यांच्याबद्दल विचारत होती. माझं लक्ष मात्र गोलमध्ये उभ्या असलेल्या उंच माणसाकडे. पीटर थंगराज. उंची सव्वासहा फुटांच्या आसपास. म्हणजे गोलची आडवी दांडी आठ फुटांवर असते, ती त्याने नुसता हात वर केला तरी हाताशी.

थंगराज १९३५ मध्ये हैदराबादला जन्मला. आता जालन्यातल्या माणसाने हैदराबादला परकं म्हणायचं कारण नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपणही निजामाच्याच राज्यात होतो. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत निजामाची मीटरगेज गाडी हैदराबादला जायची. आमच्या गावात १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जन्टची छावणी होती. म्हणजे थंगराज आणि माझे आजोबा एकाच सरकारची प्रजा. एवढ्याने मला बरं वाटलं होतं. पण खरी गंमत पुढे आहे.

१९५३ मध्ये थंगराज फौजेत भरती झाला, मद्रास रेजिमेंटमध्ये. रेजिमेंटचं केंद्र निलगिरीतल्या वेलिंग्टनला. या रेजिमेंटच्या टोपीवरचं चिन्ह कधी पाहिलंय? ढालीवर एक हत्ती आणि मागे दोन तलवारी. या हत्तीला 'असईचा हत्ती' म्हणतात. असई म्हणजे आपली असई, जालना जिल्ह्याच्या उत्तरेला, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबातली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याच्या सैन्यात मद्रासी पलटणी होत्या, आणि त्यांच्या कामगिरीची आठवण म्हणून हा हत्ती त्यांना मिळाला. वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि निलगिरीतल्या त्या गावाला त्याचंच नाव पडलं.

म्हणजे बघा. आपण हरलेल्या लढाईचा हत्ती डोक्यावर घेऊन, ती जिंकणाऱ्या माणसाच्या नावाच्या गावात, एक हैदराबादी पोरगा गोलकीपर झाला. असईला मी लहानपणी सहलीला गेलोय. शिक्षकांनी लढाईबद्दल बरंच सांगितलं होतं. फुटबॉलबद्दल अर्थातच काही सांगितलं नव्हतं.

'गोलकीपर झाला' असं म्हणालो ते मुद्दाम. थंगराज फौजेत गेला तेव्हा सेंटर फॉरवर्ड होता, गोल मारणारा. तिथे त्याला गोलमध्ये उभं केलं गेलं. आमच्याकडेही कीपर असेच होतात, फक्त कारण वेगळं असतं. जो जाड असतो, ज्याला पळता येत नाही किंवा ज्याने नवा बॉल आणलेला नसतो, त्याला गोलमध्ये ढकलतात. मी तिसऱ्या प्रकारातला. थंगराजला उंचीमुळे तिथे आणलं असावं, असा माझा अंदाज आहे. पण फॉरवर्ड राहिलेल्या माणसाला एक गोष्ट फुकट मिळते. समोरून येणारा कुठल्या क्षणी मान खाली घालणार आणि कुठल्या पायावर बॉल घेणार, हे त्याने स्वतः केलेलं असतं.

मद्रास रेजिमेंटल सेंटरने १९५५ आणि १९५८ असा दोनदा ड्युरँड कप जिंकला. थंगराज १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या संघात होता. त्या वेळी भारत चौथा आला. आजवर ऑलिंपिकमधली आपली ती सर्वांत वरची जागा. १९५८ मध्ये आशियातला सर्वोत्तम गोलरक्षक म्हणून त्याची निवड झाली. १९६० ला रोम ऑलिंपिक. त्याच हंगामात सेनादलाने पहिल्यांदा संतोष ट्रॉफी जिंकली.

मग जकार्ता. ४ सप्टेंबर १९६२, एशियाडचा अंतिम सामना, समोर दक्षिण कोरिया. गटातल्या सामन्यात याच कोरियाने आपल्याला २-० ने हरवलं होतं. स्पर्धेच्या मधल्या काळात थंगराज आजारी होता आणि गोलमध्ये प्रद्युत बर्मन उभा राहत होता. बर्मन काही वाईट खेळला नव्हता. उपांत्य सामना जिंकूनच संघ इथवर आला होता. तरीही रहीमसाहेबांनी फायनलला थंगराजला परत आणलं.

हा निर्णय मला आता, चाळिशीत, प्रशिक्षक म्हणून फार धाडसी वाटतो. जिंकत आलेल्या संघाचा कीपर बदलायचा? माझ्या छातीत एवढी हिंमत नाही. शाळेच्या सामन्यातसुद्धा मी असं केलं तर दोन पालक माझ्या घरी येतील. शिवाय त्या दिवशी स्टेडियम भारताच्या विरोधात पेटलेलं होतं. इस्रायल आणि तैवानला स्पर्धेत घेतलं नाही म्हणून भारताच्या गुरुदत्त सोंधींनी आवाज उठवला होता आणि त्याचा राग जकार्तात खेळाडूंवर निघत होता. गोलकीपर हा प्रेक्षकांच्या सगळ्यात जवळ असतो. मागून येणारी प्रत्येक शिवी त्याला ऐकू येते, भाषा कळली नाही तरी. भारत २-१ ने जिंकला. एक गोल पी. के. बॅनर्जींचा आणि दुसरा जर्नेलसिंगचा. जर्नेलसिंग बचावपटू होता, डोक्याला टाके पडलेले असताना त्याला पुढे खेळवलं होतं. कोरियाचा गोल अगदी शेवटी झाला. तिथून शिट्टी होईपर्यंतची मिनिटं पुढच्या खेळाडूंनी पळून काढली असतील. कीपरला ती उभं राहून काढावी लागतात.

पुढच्या वर्षी, जून १९६३ मध्ये, रहीमसाहेब कॅन्सरने गेले. भारताला एशियाडचं फुटबॉल सुवर्ण त्यानंतर मिळालेलं नाही.

थंगराज तोवर फौज सोडून कलकत्त्याला गेला होता. मोहम्मेडन स्पोर्टिंग, मोहन बागान, ईस्ट बंगाल असं तिन्ही मोठ्या क्लबांकडून खेळला. १९६७ ला अर्जुन पुरस्कार मिळाला. १९७१ ला खेळ थांबवला. वय ३५-३६. म्हणजे भट्टीवरच्या त्या गृहस्थांच्या प्रश्नाची वेळ आली. याचं पुढं काय होतं?

थंगराज गोव्याला गेला. वास्को स्पोर्ट्स क्लबचा प्रशिक्षक म्हणून. गोवा मुक्त होऊन तेव्हा दहाच वर्षं झाली होती, आणि तिथे खाणमालकांच्या कंपन्या फुटबॉलचे संघ पाळत होत्या. साळगावकर, धेंपे, सेझा. खेळाडूला पगार कंपनीचा, खेळ क्लबचा. मुंबईतही हेच होतं. मेलबर्नच्या त्याच संघातला दुसरा गोलरक्षक एस. एस. नारायण मुंबईचा. तो कॅलटेक्स या तेल कंपनीच्या संघाकडून खेळायचा, आणि या कॅलटेक्सने १९५८ चा रोव्हर्स कप जिंकला होता. नारायण १९५६ आणि १९६० अशा दोन्ही ऑलिंपिकला गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये ठाण्यात वारला. त्या आठवड्यात टोकियो ऑलिंपिक चालू होतं आणि आपण सगळे नीरज चोप्राच्या भाल्याची वाट बघत होतो. शेजारच्या ठाण्यात दोन ऑलिंपिक खेळलेला माणूस गेला, हे मला कितीतरी दिवसांनी कळलं. मी गोलकीपर असूनही.

गोव्यानंतर थंगराजने अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मुलांना शिकवलं, आणि शेवटी तो बोकारोला स्थायिक झाला. पोलादाच्या कारखान्याचं गाव. त्या कारखान्याच्या खेळविभागात त्याने नोकरी केली, पोरं घडवली, आणि २००८ मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला. हे वाचलं तेव्हा मी मोबाइल बाजूला ठेवला. आमचं जालनाही पोलादाचंच गाव. देशभरात जाणारी सळई इथे ओतली जाते. भंगाराच्या गाड्या, भट्ट्या, तीन पाळ्या, सगळं आहे. कारखान्यांच्या संघांचं म्हणाल तर मी आजवर पाहिले ते क्रिकेटचे, टेनिस बॉलवाले.

मात्र आमच्या फुटबॉलला या कारखान्यांनी एक वस्तू दिली आहे. हातमोजे. रोलिंग मिलमध्ये तापलेली सळई हाताळायला जाड कातडी मोजे वापरतात. एका मित्राच्या वडिलांनी मला त्यांचे जुने मोजे दिले होते. ते घालून मी तीन वर्षं गोलमध्ये उभा राहिलो. बॉल त्यातून निसटायचा, पण हात भाजायचा नाही. आमचे गोलपोस्टसुद्धा वेल्डिंग करून दिलेल्या पाइपचे आहेत, आणि मोजले तर एक खांब दुसऱ्यापेक्षा बोटभर उंच भरतो.

आता थोडं ब्रह्मानंद शंखवाळकरांबद्दल. कोकणी-मराठी मुलखातला सर्वांत मोठा गोलरक्षक कोण असं कुणी विचारलं, तर मी हेच नाव घेईन. जन्म १९५४. उमेदीची बहुतेक वर्षं साळगावकर क्लबमध्ये गेली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ते भारताचे कर्णधार होते. १९८३ च्या संतोष ट्रॉफीची फायनल गोवा विरुद्ध बंगाल, कलकत्त्यात, म्हणजे बंगालच्या घरात. सामना ०-०. पुन्हा खेळवला, पुन्हा ०-०. शेवटी दोघांना संयुक्त विजेते ठरवलं. इतिहासाच्या पुस्तकात हा निकाल फार नीरस दिसतो. कीपरच्या नजरेने पाहा. कलकत्त्याच्या प्रेक्षकांसमोर, बंगालच्या फॉरवर्डांसमोर, दोन फायनलमध्ये मिळून एकही गोल नाही. पुढच्या वर्षी मद्रासला गोव्याने पंजाबला १-० ने हरवलं आणि ट्रॉफी एकट्याने घेतली.

ब्रह्मानंदांना अर्जुन पुरस्कार मिळाला १९९७ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी. पद्मश्री २०२२ मध्ये. मधल्या काळात ते शिकवत राहिले, राष्ट्रीय संघाच्या गोलरक्षकांनासुद्धा. गोल मारणाऱ्याची आठवण लोकांना सामना संपायच्या आत येते. गोल अडवणाऱ्याची यायला बहुधा दहा-बारा वर्षं लागतात.

जगातही फार वेगळं नाही. मुख्य प्रशिक्षक झालेले गोलकीपर थोडे. इटलीचा दिनो झोफ हा मोठा अपवाद. १९८२ चा विश्वचषक त्याने ४० व्या वर्षी कर्णधार म्हणून उचलला. प्रशिक्षक म्हणून २००० च्या युरो स्पर्धेत इटलीला फायनलला नेलं. फ्रान्सविरुद्ध जादा वेळेतल्या गोलवर हरला आणि बर्लुस्कोनींनी जाहीर टीका केल्यावर राजीनामा देऊन मोकळा झाला. १९९३ मध्ये मार्सेलला युरोपचा चषक जिंकून देणारा बेल्जियमचा रेमो गोथाल्स हाही मूळचा गोलकीपरच. क्लबांचे मालक म्हणतात, कीपर वेगळा सराव करतो, त्याला सांघिक खेळ काय कळणार. मला हे उलटं वाटतं. मैदानावरच्या बावीस जणांपैकी वीस जणांना आपल्या पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही. सगळा खेळ समोर दिसतो तो फक्त दोघांना. आणि ते दोघे नव्वद मिनिटं ओरडत असतात. डावीकडे सरक. त्याला धर. बाहेर ये. हीच तर कोचिंगची सुरुवात.

पण हे ओरडणं पोटापाण्याला लागावं म्हणून काहीतरी बदलावं लागलं. ते बदललं एका नियमाने. १९९० च्या इटलीतल्या विश्वचषकात संघ आघाडी घेतली की बॉल मागे कीपरला द्यायचे, कीपर हातात घ्यायचा, पुन्हा बचावपटूला द्यायचा, पुन्हा परत. लोक कंटाळले. १९९२ मध्ये नियम आला की सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला बॉल कीपरने हातात घ्यायचा नाही. एका रात्रीत जगभरच्या गोलकीपरांना पाय फुटले. थंगराजच्या पिढीचा कीपर हातांचा होता. आताच्या कीपरला पास द्यावा लागतो, दाबात असताना बॉल ताब्यात घ्यावा लागतो, हल्ल्याची सुरुवात करावी लागते. आता तर बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवला की समोरच्याला कॉर्नर मिळतो. एवढं सगळं शिकवायला वेगळा माणूस लागतो. म्हणून आज व्यावसायिक संघाबरोबर गोलकीपिंगचा स्वतंत्र प्रशिक्षक असतो, आणि आशियाई महासंघाची त्यासाठी स्वतंत्र प्रमाणपत्रं आहेत, पायरीपायरीची. भारतात २०१४ ला इंडियन सुपर लीग आली तेव्हा हे पद आपल्याला टीव्हीवर दिसायला लागलं. सामन्याआधी कोपऱ्यात एक माणूस कीपरला बॉल मारत असतो ना, तो.

माझ्या वेळेला असा कुणी नव्हता. मला कोणी पडायला शिकवलं नाही. हे वाक्य विचित्र वाटेल, पण गोलकीपिंगचं पहिलं शिक्षण पडण्याचं असतं. आधी बसून कुशीवर, मग गुडघ्यावरून, मग उभ्याने. जमिनीला क्रमाने टेकायचं. पोटरी, मांडी, कंबर, मग खांद्याची बाजू. कोपर कधीच नाही. बॉल जमिनीवर आधी टेकवायचा, तो तुमची उशी होतो. मी टीव्हीवर पाहून पडायचो. तेही मुरुमावर. आमच्याकडे मैदानावर गवत नसतं, कारण गवताला पाणी लागतं. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यात माणसांना प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा मैदानावर टँकर मारा म्हणायची कुणाची प्राज्ञा. दहा वर्षं मी डाव्या कोपरावर पडत राहिलो. विद्यापीठाच्या संघात राखीव कीपर म्हणून निवड झाली त्या वर्षी खांदा निखळला. नंतर दोनदा निखळला. आजही डावा हात डोक्याच्या वर गेला की आत काहीतरी कचकन वाजतं. पोरं हसतात, मलाही हसू येतं.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "तुम्हाला शिकवणारे कोण होते?" मी म्हणालो, "मीच."

म्हणून माझ्या मैदानावर नवीन कीपरला पहिले दोन महिने बॉल मिळत नाही. आम्ही शेतातून कपाशीच्या सरकीची रिकामी पोती आणतो, त्यात भुसा भरतो, मुरुमावर अंथरतो आणि पडतो. डावीकडे वीस, उजवीकडे वीस. पालकांना वाटतं हा माणूस पोरांना लोळवतोय.

तर निवड चाचणीच्या आदल्या दिवशी मी त्या गृहस्थांकडे गेलो. पाळी सुटायच्या वेळेला, कारखान्याच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर. मोबाइलवर थंगराजचा एक जुना काळापांढरा फोटो काढून ठेवला होता, तो दाखवला. हा फौजेत गेला, मग कलकत्त्याला, मग गोव्याला शिकवायला, मग बोकारोच्या पोलाद कारखान्यात, असं सगळं सांगितलं. असईचा हत्तीही सांगितला. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. हत्तीत त्यांना फारसा रस वाटला नाही.

"पोलाद कारखान्यात म्हणजे भट्टीवर का?" त्यांनी विचारलं.

"नाही. पोरांना खेळ शिकवायला."

"पगार देऊन?"

"पगार देऊन."

त्यांनी चहा संपवला. म्हणाले, "आमच्याकडं असं काही नाही."

मी म्हणालो, "नाही. आत्ता तरी नाही." खोटं बोलवलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आणि तुम्हाला किती मिळतात?" मी आकडा सांगितला. तो त्यांच्या पगाराच्या निम्म्याहून कमी होता. ते पहिल्यांदाच हसले. चहाचे पैसे त्यांनीच दिले, मला देऊ दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या गाडीला बसस्टँडवर मुलगा एकटाच येईल असं मी धरून चाललो होतो. वडील बरोबर होते. धुतलेला शर्ट, हातात तोच डबा. पिशवीतून त्यांनी मोज्यांची एक जोडी काढली, नवी कोरी, कारखान्यातली, जाड कातड्याची. मुलाच्या हातात सातशे रुपयांचे लॅटेक्सचे मोजे आधीच होते, माझे जुने. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "पिशवीत ठेव. पाऊस आला तर बदलायला लागतात."

मार्च महिना होता. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.